१:७२ सुपर कॉन्स्टेलेशन : पावसात सांगाडा, कोरड्या हवेत धातू

४ मे

प्लास्टिक मॉडेलसाठी विमान ठरले: लॉकहीड एल-१०४९जी सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचे प्रवासी विमान, १९५० च्या दशकातल्या एअर इंडिया इंटरनॅशनलच्या रंगात. वर पांढरे, खिडक्यांच्या ओळीतून लाल पट्टा, खाली उघडे अॅल्युमिनियम. प्रमाण १:७२. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ३७.४९ मीटर, म्हणजे टेबलावर ५२ सेंमी. लांबी ३४.६२ मीटर, म्हणजे ४८ सेंमी. नाकात हवामान रडार असलेली विमाने थोडी लांब होती. पंखांच्या टोकांवरच्या इंधनटाक्या, प्रत्येकी सुमारे ६०० अमेरिकन गॅलनच्या, ऐच्छिक होत्या. किटमध्ये दोन्ही पर्यायांचे भाग येतात म्हणून दोन्ही चिकटवायचे नसतात. ज्या वर्षीचे विमान करायचे त्या वर्षीचे छायाचित्र समोर ठेवायचे आणि त्यात दिसेल तेवढेच बसवायचे. आमच्या छायाचित्रात टाक्या नाहीत.

टीएपी या पोर्तुगीज विमान कंपनीच्या रंगाचाही विचार झाला होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय कॅनबेरा विमानांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा टीएपीचे एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि गोव्याच्याच टीएआयपी या विमान कंपनीचे एक डीसी-४ तिथे उभे होते. दोन्ही विमाने त्याच रात्री निसटली. विषय मोहाचा आहे, पण त्या रंगाची रंगीत छायाचित्रे आमच्याकडे पुरेशी नाहीत. अंदाजाने रंगवायचे तर एवढी मेहनत कशाला?

कामाचा क्रम हवेवर बेतला आहे. उघड्या धातूच्या रंगाखाली काही लपत नाही. केसाएवढा ओरखडा, आक्रसलेला सांधा, बोटाचा ठसा, सगळे उजेडात येते. आणि धातूचे लॅकर रंग दमट हवेत मारता येत नाहीत. म्हणून कापणे, जोडणे, घासणे, कोरणे पावसाळ्यात. पांढरा आणि लाल बंद खोलीत, यंत्राने हवा सुकवून. धातू पाऊस ओसरल्यावर.

९ मे

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावर खरे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, आयएन ३१५. एअर इंडियाची विमाने पुढे हवाई दलात गेली आणि १९७६ मध्ये तिथून नौदलाच्या आयएनएएस ३१२ या तुकडीत, दाबोळीला आली. त्यातलेच हे एक. गोव्यात बसून हे मॉडेल करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

काय टिपायचे याची यादी आधीच केली होती: चाकांच्या पायांचे सांधे आणि नळ्या, नाकाच्या चाकाची खोबण, काउलिंगच्या (इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या) मागच्या झडपा, एक्झॉस्टची तोंडे, पंखाच्या मुळाशी धडाला मिळणारा गोलावा, शेपटीवरच्या तिन्ही उभ्या फिनांचा समोरून दिसणारा कोन. शेवटची गोष्ट कॅमेरा समोर, विमानाच्या मध्यरेषेवर ठेवून, शक्य तितक्या लांबून टिपावी. जवळून घेतलेल्या फोटोत बाहेरचे फिन वाकडे दिसतात आणि तोच वाकडेपणा मॉडेलमध्ये उतरतो.

आकारासाठी हे विमान भरवशाचे, रंगासाठी नाही. खारा वारा आणि पाऊस खात उभे राहिलेल्या विमानावर रंगाचे किती थर चढले असतील ते बाहेरून कळत नाही. शिवाय नौदलाने त्याचा वापर सागरी टेहळणीसाठी केला, म्हणून अँटेना आणि पोटाखालचे फुगवटे प्रवासी विमानाशी ताडून मगच घ्यायचे.

१६ मे

सर्व स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाने धुतले. साच्याला लावलेले तेल राहिले तर प्रायमर माशाच्या खवल्यासारखा सुटतो.

किट जुन्या साच्याचे, १९७० च्या दशकातले. धडाचे दोन्ही अर्धे भाग लांब आणि पातळ, आणि दोन्ही केळासारखे बाहेर वाकलेले: मधोमध टेकवले तर टोकांना ३ मिमी फट. गरम पाण्यात घालून सरळ करण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. पॉलिस्टायरीन ९०-१०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि एवढ्या लांब तुकड्यात एक जागा सरळ करताना दुसरी मुरडते. त्यापेक्षा आतून आडव्या भिंती. १.५ मिमी प्लास्टिक कार्डाच्या चकत्या, साधारण ७ सेंमी अंतराने, पंखाच्या बसण्याच्या जागेपुढे आणि मागे दोन जास्तीच्या. सर्वांत रुंद ठिकाणी धडाचा बाहेरचा व्यास ४९ मिमी भरतो. पण चकती त्या हिशेबाने कापू नये. आतली भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. पुठ्ठ्याचा साचा आत बसवून पाहावा, मग कापावे. चकती किंचित सैल हवी, ०.२ मिमी तरी. घट्ट चकती धडाला आतून ढकलते, आणि तो फुगवटा आज दिसत नाही, धातूचा रंग चढल्यावर दिसतो.

२३ मे

नाकातले वजन. हे विमान तीन चाकांवर उभे राहते आणि मागचा भाग लांब, त्यावर तीन फिन. वजन न घालता मॉडेल शेपटीवर बसणारच.

अंदाज न करता मोजायची रीत: सगळे मोठे भाग चिकटपट्टीने जोडायचे, इंजिने, पंखे (प्रोपेलर) आणि फिनांसकट. मुख्य चाकांच्या आसाच्या रेषेखाली पेन्सिल ठेवायची. ज्या जागी वजन जाणार तिथे प्लास्टिकची पिशवी टांगून तीत शिसे टाकत जायचे. आमच्याकडे ६२ ग्रॅमला नाक खाली आले. भरले ८० ग्रॅम, कारण शेपटीकडे अजून पुट्टी, प्रायमर आणि रंग चढायचे आहेत. याहून जास्त भरू नये, नाकाचा पाय प्लास्टिकचा आहे.

जागा महत्त्वाची. कॉकपिटमागची पोकळी आसापासून १८ सेंमी पुढे, आतल्या नासेलचे (पंखावरच्या इंजिनाच्या घराचे) टोक ६ सेंमी पुढे. नाकातल्या १ ग्रॅमचे काम करायला नासेलात ३ ग्रॅम लागतात. ८० ग्रॅम शिशाला जेमतेम ७ घन सेंमी जागा पुरते, ती नाकात आहे. नासेल रिकामे सोडले.

शिसे म्हणजे म्हापशाच्या बाजारात मिळणारे गळाचे शिसे, हातोडीने चपटे केलेले. हातमोजे घालून, आणि घासायचे अजिबात नाही, भुकटी विषारी असते. चिकटवायचे फक्त इपॉक्सीने. पांढऱ्या लाकडी गोंदातून अॅसिटिक आम्ल सुटते, दमट हवेत त्याचा शिशावर परिणाम होऊन पांढरी पूड तयार होते, आणि ती मूळ शिशापेक्षा जास्त जागा व्यापते. बंद धडात वर्षा-दोन वर्षांनी ती सांधा फोडून बाहेर येते. इथल्या हवेत तर लवकरच.

कॉकपिटवर फार वेळ घालवला नाही. बंद झाल्यावर समोरच्या काचांतून डॅशबोर्डचा वरचा काठ आणि खुर्च्यांच्या पाठी दिसतात, त्यापलीकडे काही नाही.

३० मे

धड बंद. किटच्या खुंट्या कापून टाकल्या. त्या जागेवर बसल्या की बाकीचा सांधा अर्धा मिलिमीटर सरकतो. त्याऐवजी ०.५ मिमी कार्डाच्या पट्ट्या, ४ सेंमी अंतराने, एका अर्ध्याला आतून चिकटवलेल्या. दुसरा अर्धा त्यांवर चढतो.

पातळ द्रव गोंद कुंचल्याने, एका वेळी ७-८ सेंमी. सुरुवात पंखाच्या जागेपासून, मग नाकाकडे आणि शेपटीकडे. त्यामुळे जो काही फरक उरतो तो टोकांना जातो, तिथे घासणे सोपे. गोंद लावून अर्धा मिनिट थांबायचे, मग दाबायचे, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक उंचवटा सांध्यातून वर येतो. तो उंचवटा हीच खरी पुट्टी. पुसू नये.

आता घासायची घाई नाही. द्रव गोंदाने वितळलेले प्लास्टिक कित्येक आठवडे आक्रसत राहते. आठवड्यात घासून सपाट केलेला सांधा महिन्याने बारीक खळगी होऊन परत दिसतो. धडाला जवळजवळ पूर्ण जून दिला.

७ जून

पाऊस लागला. खोलीत ८४ टक्के आर्द्रता, तापमान २९.

पंख. वरचा आणि खालचा भाग जोडण्याआधी मागचा काठ आतून घासून पातळ केला. जुन्या साच्यात तो १ मिमी जाड येतो, म्हणजे खऱ्या विमानात ७ सेंमीचा बोथट काठ. वॉटर पेपर सपाट काचेवर चिकटवून त्यावर पंखाचा आतला काठ फिरवायचा, ०.३ पर्यंत आणायचा.

दोन्ही पंखांतून आरपार जाणारी ३ मिमी पितळी सळई बसवली. मूळ किटमध्ये फक्त प्लास्टिकची जीभ आहे, आणि ५२ सेंमीचे मॉडेल रंगवताना शंभर वेळा उचलावे लागते. सळई मधोमध वाकवायची आणि दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची सारखी येईपर्यंत तपासायची. आमच्याकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली. पंखांची उंची कमीजास्त असेल तर तीन फिनांमुळे ती दुप्पट डोळ्यात भरते, कारण तुलनेला उभ्या रेषा तीन मिळतात.

पंखाच्या मुळाशी वरून ०.८ मिमी फट. पुट्टीने भरू नये, इथे मॉडेल लवचते आणि पुट्टीला चीर जाते. ०.७५ मिमी प्लास्टिकची पट्टी द्रव गोंदाने आत सरकवली.

२८ जून

सांधे घासले: ४००, ६००, १०००, मग १५०० चा वॉटर पेपर, नेहमी ओला आणि कठीण ठोकळ्यावर. गोल धडावर मऊ स्पंज घेतला की सांध्याच्या दोन्ही बाजूंना उथळ खळगे पडतात. चकाकत्या पृष्ठभागावर त्यात खिडकीचा उजेड मोडून दिसतो. उरलेल्या खळग्या सायनोअॅक्रिलेट या झटपट गोंदाने. दमट हवेत ते झटपट सुकते, हा एकच फायदा या दिवसांचा. पण तासाभरात घासून घ्यावे. रात्रभर राहिले तर ते भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना प्लास्टिक खाली जाते, ते वर राहते.

आता खरे काम: रेषा. या साच्यावर पत्र्यांच्या रेषा उठावदार आहेत. सांधे घासताना त्यांतल्या निम्म्या जातात, म्हणून सगळ्याच कोरायच्या. किती रुंद? १:७२ मध्ये ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानात १४ मिमीची फट. दोन पत्र्यांत बोट जाईल एवढी फट कोणी ठेवत नाही. कोरायची सुई ०.१ ची घेतली आणि खोली फक्त रंगाखाली बुजणार नाही एवढी. नांगरटीसारख्या रेषा, त्यांत काळा रंग भरलेला, अशी मॉडेले स्पर्धांत बक्षिसे घेतात, पण विमानतळावर असे विमान कोणी पाहिलेले नाही.

उठावदार रेषा आधी घासून टाकू नयेत, त्या वाटाड्या आहेत. रेषेच्या काठाला जाड चिकट लेबल टेप लावायची, सुई पहिल्यांदा वजन न देता ओढायची, मग दोनदा थोडी दाबून. मगच उठाव घासायचा. सुई घसरली तर ओरखडा सायनोअॅक्रिलेटने भरावा. पुट्टीवर परत कोरले तर कडा ढासळते.

धडाभोवतीची वर्तुळे सगळ्यांत त्रासाची. कॉन्स्टेलेशनचे धड आडव्या छेदात गोल, पण लांबीत सरळ नाही. नाक खाली झुकलेले, शेपटी वर उचललेली. निमुळत्या भागावर टेप गुंडाळली की ती मळसूत्रासारखी सरकते आणि शेवट सुरुवातीला मिळत नाही. उपाय: धड उभे करून मातीच्या आधारात रोवायचे, पेन्सिल लाकडी ठोकळ्यावर आडवी बांधायची, आणि टेबलावर ठोकळा धडाभोवती फिरवायचा. नाकाजवळ आणि शेपटीजवळ धडाचा आधार तिरका करून त्या भागाचा मध्य उभा आणायचा. पेन्सिलीची रेष हीच खूण. मग टेपचे ३ मिमी रुंद तुकडे कापून त्या खुणेवर, कारण पूर्ण रुंदीची टेप वळत नाही.

१९ जुलै

नासेल आणि इंजिने. राइट आर-३३५० टर्बो-कंपाउंड, १८ सिलिंडर, दोन ओळींत नऊ-नऊ. प्रत्येक इंजिनात सहा-सहा सिलिंडरांचा धूर एकेका टर्बाइनमधून जातो आणि ती टर्बाइन आपली शक्ती परत क्रँकशाफ्टला देते. म्हणून एका इंजिनाला एक्झॉस्टची तोंडे तीन, चार इंजिनांना बारा. किटमधली तोंडे भरीव. ०.८ मिमी ड्रिलने हाताने पोखरली, कडा कागदासारखी पातळ केली. बाकी इंजिनातून समोरच्या ओळीचे सिलिंडर आणि गिअरचा डबा दिसतो, मागची ओळ काउलिंगच्या सावलीत जाते. समोरच्या ओळीला ०.२ मिमी तांब्याच्या तारेने इग्निशनच्या वायरी दिल्या, मागच्या सोडल्या.

चारही नासेल पंखावर बसवताना समोरून आणि वरून दोन्ही बाजूंनी पाहावे. वरून चारही एकमेकांना समांतर हवीत. काउलिंगच्या तोंडात काडी बसवून काड्यांची टोके मोजली की लगेच कळते. डोळ्यावर भरवसा ठेवू नये, पंखाचा पुढचा काठ तिरका असल्याने डोळा फसतो.

२ ऑगस्ट

रंगाच्या चाचण्या. चमच्यांवर. प्लास्टिकचे पांढरे चमचे, मॉडेलसारखेच प्रायमर आणि घासाई केलेले. बाहेर धो धो पाऊस.

उघड्या खोलीत २८ अंश, ८८ टक्के. चकाकता काळा लॅकर मारला की अर्ध्या मिनिटात त्यावर दुधाळ साय. धातूचा रंग मारला तर चमक मेलेली, राखेसारखी. कारण साधे आहे: या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग दोन-तीन अंशांनी सहज थंड होतो, म्हणजे दव पडायला तेवढेच पुरे. ते पाणी ओल्या रंगात अडकते आणि पांढरे दिसते.

खोली बंद करून एसी ड्राय मोडवर, सोबत डीह्युमिडिफायर, दोन तास आधी चालू. २६ अंश, ५५ टक्के. आता दवबिंदू १६ च्या आसपास, दहा अंशांची मोकळीक. त्याच बाटलीतला काळा आरशासारखा बसला. थिनरमध्ये १० ते १५ टक्के रिटार्डर घातला तर आणखी सुरक्षित. रंग हळू सुकतो, कमी थंड होतो आणि नीट पसरतो. पण रिटार्डर धातूच्या रंगात नको. तो ओला राहिला की अॅल्युमिनियमचे कण तरंगून गटागटाने बसतात.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर फक्त एअरब्रश (रंग फवारायचे साधन) धुवायला. उघड्या पॉलिस्टायरीनवर त्याने जाळी पडते, आणि प्रायमरमधूनही तो खाली पोचतो.

कॉम्प्रेसरचे पाणी वेगळा विषय. दमट हवा तीन-चार बारला दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. दर सत्राआधी आणि मध्ये एकदा टाकीखालचा नळ उघडायचा. टाकीतून निघालेली हवा अजून गरम असते, त्यामुळे टाकीवरच लावलेला फिल्टर वाफेला अडवू शकत नाही. टाकीपुढे ५ मीटर नळी गुंडाळून सोडली, दुसरा फिल्टर तिच्या शेवटी, एअरब्रशच्या हँडलजवळ. हवा नळीत थंड होते, पाणी तिथे पडते. एका थेंबाने पंखाचा सगळा वरचा भाग परत घासावा लागतो.

रंग फवारायचा बूथ प्लायवुडचा, ७५ सेंमी रुंद. बाजारातले छोटे बूथ ४० सेंमीचे, त्यात हे मॉडेल फिरत नाही. पंख्याची मोटर हवेच्या झोताबाहेर ठेवावी. लॅकरची वाफ पेटते. तोंडावर सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसे असलेला मास्क, धुळीचा नव्हे.

१६ ऑगस्ट

राखाडी लॅकर प्रायमर, दोन पातळ थर. अपेक्षेप्रमाणे धडाच्या वरच्या सांध्यात शेपटीकडे एक बारीक खळगी दिसली, जिथे आतली पट्टी नव्हती. सायनोअॅक्रिलेट, घासणे, पुन्हा प्रायमर. मग सगळे २००० ने ओले घासून, हाताला काच वाटेपर्यंत.

१२ सप्टेंबर

पांढरा पूर्ण. चार पातळ थर, मध्ये २० मिनिटे. पांढऱ्याखाली राखाडीच ठेवले, पांढरा प्रायमर वापरला नाही, कारण राखाडीवर पांढरा कुठे कमी बसला ते दिसते. खऱ्या विमानात वरचा भाग पांढरा असण्याचे कारण ऊन परतवून केबिन थंड ठेवणे. मॉडेलमध्ये तो सर्वांत आधी येतो, कारण त्याला थर जास्त लागतात आणि धातूच्या रंगावर नंतर टेप लावायची नसते. क्रम हा: पांढरा, लाल, मग काळा, शेवटी धातू. उलटे केले की टेप काढताना धातूची साल निघते.

चवथीच्या आठवड्यात काम बंद. पांढऱ्याला तेवढाच कडक व्हायला वेळ.

२६ सप्टेंबर

लाल पट्टा. धड लांबीत वळलेले असल्याने पट्टीने रेष आखता येत नाही. खिडक्यांच्या ओळीपासून डिव्हायडरने मोजून दर २ सेंमीला पेन्सिलचा बिंदू, मग २ मिमीची लवचीक व्हाइनिल टेप बिंदूंवरून, न ताणता. ताणलेली टेप रात्रीतून आपोआप आखडते आणि वळणावर उठते. तिच्या बाहेर तामियाची ६ मिमी टेप, त्यापुढे कागद. दोन्ही बाजू एकाच दिवशी आखाव्यात आणि नाकाच्या टोकासमोर आरसा धरून तपासावे. तिथे दोन पट्टे १ मिमीने चुकले तरी विमान तिरळे दिसते.

टेपच्या काठावर आधी पांढऱ्याचाच पातळ फवारा. झिरपायचे ते पांढरे झिरपते, कड बंद होते. लाल रंग पारदर्शक असतो, म्हणून पट्ट्यात आधी एक फिकट गुलाबी थर, मग लाल दोन. नाहीतर लाल गडद यायला पाच-सहा थर लागतात आणि काठाला पायरी तयार होते. टेप रंग अर्धवट सुकला असतानाच, स्वतःवर उलटी दुमडून काढायची.

१८ ऑक्टोबर

पाऊस गेला. सकाळी दहानंतर खोलीत ६२ टक्के, एसीने ५० वर आणले.

चकाकता काळा लॅकर, ०.३ मिमी सुई, १ बार दाब. दोन दिवसांनी ४००० च्या पॉलिशिंग कापडाने धुळीचे कण काढले. मग अॅल्युमिनियम: ०.८ बार, ८ ते १० सेंमी अंतर, रंग जवळजवळ कोरडा पोचेल असा. काळा पूर्ण झाकू नये. पाच-सहा फेऱ्यांत तो हळूहळू पुसट होत जातो आणि तिथेच थांबायचे. काळा थोडा आत जाणवतो म्हणून धातूला खोली येते. पूर्ण झाकला की तो चांदीचा रंग होतो, धातू राहत नाही.

पत्र्यांतला फरक: एकूण चार छटा. काही पत्रे किंचित गडद, नासेलचा एक्झॉस्टमागचा भाग तपकिरीकडे झुकणारा, फ्लॅप थोडे मंद. मास्किंग टेप आधी हाताच्या मागच्या बाजूला दोनदा चिकटवून तिचा जोर कमी केला. चारहून जास्त छटा दिल्या की बुद्धिबळाचा पट होतो. शेजारच्या पत्र्यांतला फरक कोन बदलल्यावरच दिसावा.

पंख आणि शेपटीच्या पुढच्या काठांवर रबरी डी-आयसिंग (बर्फ झटकणारे) पट्टे: काळा नव्हे, खूप गडद राखाडी, मॅट. इथून पुढे सुती नव्हे, नायट्राइल हातमोजे. घामातले मीठ या रंगावर कायमचा ठसा ठेवते.

१ नोव्हेंबर

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे. किटमधले पिवळे पडलेले आणि तसेही आपल्या कामाचे नाहीत. एअर इंडिया इंटरनॅशनलची अक्षरे, धनुर्धारी सेंटॉरचे चिन्ह आणि नाकाजवळचे नाव पारदर्शक फिल्मवर लेझरने छापून घेतले. या ताफ्यातली नावे 'रानी ऑफ' अशी सुरू होत. छपाईची शाई पारदर्शक असते, म्हणून लाल अक्षरे पांढऱ्या भागावर ठीक, धातूवर काळवंडतात. पंखाखालची नोंदणी अक्षरे त्यामुळे डेकलने नाहीत. व्हाइनिलचा साचा कापून रंगवली, धातूवर लावलेला साचा जोर कमी करूनच.

फिल्म अक्षराच्या काठाला भिडवून कापली. रिकामी फिल्म जेवढी कमी तेवढी चंदेरी साय कमी. कोमट पाण्यात २०-३० सेकंद, जागेवर आधी सेटिंग द्रवाचा थेंब, मग डेकल सरकवायचे आणि मधून बाहेर पाणी दाबायचे. पांढऱ्या भागावर वरून पातळ ग्लॉस, त्याने फिल्मची कडा बुजते. धातूवर क्लिअर (पारदर्शक वार्निश) अजिबात नाही. सर्वोत्तम क्लिअरनेही चमक एक पायरी उतरते, आणि एवढ्या महिन्यांनंतर ती उतरवायची नाही.

१५ नोव्हेंबर

खिडक्या. सुपरच्या खिडक्या चौकोनी, आधीच्या कॉन्स्टेलेशनच्या गोल. किटच्या काचपट्ट्या आतून बसवल्या असत्या तर रंगाआधी झाकाव्या लागल्या असत्या, म्हणून त्या वापरल्याच नाहीत. प्रत्येक भोकात बाहेरून यूव्ही रेझिनचा पडदा ओढून छोट्या यूव्ही बॅटरीने कडक केला. पांढऱ्या गोंदाचा पडदाही चालतो, पण दमट हवेत तो कित्येक दिवस दुधाळ राहतो आणि आत खळगी पडते.

पंखे: चार, प्रत्येकी तीन पाती. १२० अंशांच्या रेषा काढलेल्या कागदावर मध्ये टाचणी, त्यावर हब आणि पाती. चारही पंख्यांचा पिच (पात्यांचा कोन) सारखा हवा. पात्याच्या टोकाची पिवळी पट्टी खऱ्या विमानात ४ इंच धरली तर इथे १.४ मिमी.

चाकांचे पाय: नाकाच्या पायात ०.८ मिमी पितळी तार ड्रिल करून घातली, ८० ग्रॅम त्याच्यावर आहेत. चाके दोन-दोन, जमिनीला टेकणारी बाजू किंचित घासून सपाट केली, नाहीतर विमान हवेत तरंगल्यासारखे दिसते.

एक्झॉस्टचे डाग: शिसेयुक्त पेट्रोलची राख मध्ये फिकट राखाडी, कडेला तपकिरी. बाराही तोंडांमागून, हवेच्या दिशेने, वास्तवापेक्षा थोडे कमीच. अँटेनाच्या तारा ताणणाऱ्या लायक्रा धाग्याच्या, ओढलेल्या स्प्रूच्या नव्हेत. धागा पुसताना बोट लागले तरी तुटत नाही आणि हवा बदलली तरी सैल पडत नाही. छतावरून फिनांपर्यंत, टोकाला सायनोअॅक्रिलेटचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब.

तळाला फणसाची जुनी, सुकलेली फळी. पेटी ३ मिमी अॅक्रिलिकची, आतून ६० बाय ५६, उंची १८ सेंमी. मॉडेलची उंची १०.५. फळीत खालून कप्पा करून सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पिशव्या, पेटी न उघडता बदलता येतील अशा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या दर महिन्याला काढून ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास सुकवायच्या.